चुकीच्या शेजारी ठेवलेली फाइल: एका अ‍ॅन्सिबल प्रकल्पाच्या फेरमांडणीचं प्रकरण

प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, वेब सर्व्हर्सवर जोडणी सुरक्षित करणारं नवं टीएलएस प्रमाणपत्र चढवायचं होतं. काम नेहमीचं आणि प्लेबुकही (अनेक सर्व्हर्सची मांडणी आपोआप करणाऱ्या अ‍ॅन्सिबल या साधनाला दिलेली कामांची यादी) नेहमीचंच. ते चाललं, एकही टास्क लाल झालं नाही, शेवटच्या गोषवाऱ्यात ‘फेल्ड’समोर शून्य आलं. थोड्याच वेळात तक्रारी यायला लागल्या: लॉगिन होतं, पण पुढच्याच क्लिकला पुन्हा लॉगिनचं पान समोर येतं. प्रमाणपत्र नीट बसलं होतं, बिघाड दुसरीकडेच होता. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सेशन साठवणाऱ्या कॅश सर्व्हरचा पत्ता बदलला होता. तिथे आता स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीच्या वातावरणातल्या, कॅशचा पत्ता होता. प्रॉडक्शन आणि स्टेजिंगच्या मध्ये फायरवॉल असल्यामुळे सेशन कुठे साठवलंच जात नव्हतं.

प्रॉडक्शनसाठी तो पत्ता कुणी बदललेला नव्हता. प्रॉडक्शनच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे यंत्रांच्या यादीत, बरोबर पत्ता लिहिलेला होता आणि त्या ओळीला कित्येक महिन्यांत कुणाचा हात लागलेला नव्हता. तरीही सर्व्हरवर चुकीचा पत्ता पोहोचला, आणि त्याचं कारण प्रकल्पाच्या फोल्डररचनेत होतं. फायलींची मांडणी म्हटलं की आपण ती आवराआवरीच्या सदरात टाकतो. अ‍ॅन्सिबलमध्ये मात्र फाइल कुठल्या फोल्डरात आहे यावर तिच्यातलं मूल्य कुणाला लागू होणार आणि कुणावर मात करणार हे ठरतं. म्हणून मांडणीकडे कोडइतक्याच गांभीर्याने बघायला हवं, आणि हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारणही तेच.

आधीची मांडणी

संघ लहान होता. वेब सर्व्हर, डेटाबेस, कॅश आणि लोड बॅलन्सर अशी यंत्रं, आणि ती स्टेजिंग व प्रॉडक्शन अशा दोन वातावरणांत. प्रकल्प दोन-तीन प्लेबुकांपासून सुरू झाला आणि गरजेनुसार वाढत गेला. घटनेच्या दिवशी मुळाशी साधारण असं चित्र होतं:

प्रकल्प/
— होस्ट्स-स्टेज
— होस्ट्स-प्रॉड
— वेब.वायएमएल
— वेब-नवीन.वायएमएल
— डीबी.वायएमएल
— प्रमाणपत्र.वायएमएल
— ग्रुप_व्हार्स/
—— ऑल.वायएमएल
—— वेबसर्व्हर्स.वायएमएल
— रोल्स/
—— कॉमन/
—— वेब/

वरवर पाहता यात वावगं काही नाही. अ‍ॅन्सिबलच्या अधिकृत मार्गदर्शिकेतला एक नमुना जवळपास असाच आहे: मुळाशी दोन इन्व्हेंटरी फायली आणि शेजारी ग्रुप_व्हार्स, म्हणजे यंत्रांच्या गटागटाची मूल्यं ठेवायचं फोल्डर. त्याच मार्गदर्शिकेत दुसराही नमुना दिला आहे, ज्यात प्रत्येक वातावरणाला स्वतःचं इन्व्हेंटरी फोल्डर असतं आणि त्याच्या पोटात स्वतःचं ग्रुप_व्हार्स. बहुतेक प्रकल्प पहिल्या नमुन्याने सुरू होतात, कारण सुरुवातीला तो सुटसुटीत वाटतो. अडचण सुरू होते ती दोन्ही वातावरणांत गटांची नावं सारखी असली की. इथे दोन्ही इन्व्हेंटरींत ‘वेबसर्व्हर्स’ नावाचा गट होता, आणि तो असायलाच हवा, कारण प्लेबुक त्याच नावाने यंत्रं शोधतं.

नेमकं काय घडलं

आदल्या दिवशी एका अभियंत्याला स्टेजिंगवर नवा कॅश सर्व्हर जोडून बघायचा होता. ‘सेशन_कॅश_होस्ट’ हे व्हेरिएबल स्टेजिंगच्या इन्व्हेंटरीत नव्हतं. म्हणून त्याने ते ग्रुप_व्हार्समधल्या वेबसर्व्हर्स.वायएमएलमध्ये लिहिलं, इन्व्हेंटरी निवडणारा ‘-आय होस्ट्स-स्टेज’ हा पर्याय देऊन प्लेबुक चालवलं आणि चाचणी यशस्वी झाली. प्रॉडक्शनचा पत्ता होस्ट्स-प्रॉड फाइलमध्येच, ‘वेबसर्व्हर्स:व्हार्स’ या विभागाखाली लिहिलेला होता. त्याचा तर्क असा की प्रॉडक्शनसाठी वेगळं मूल्य स्पष्ट दिलेलं आहे, तेव्हा तेच चालेल. हा तर्क कुणालाही पटेल असाच आहे.

अ‍ॅन्सिबलची उतरंड मात्र वेगळी चालते. एकाच व्हेरिएबलला अनेक ठिकाणी मूल्य दिलं असेल तर कोणतं धरायचं याची २२ पायऱ्यांची यादी दस्तऐवजात आहे. तळाशी कमांड लाइनवरची साधी मूल्यं, म्हणजे कोणत्या वापरकर्त्याने जोडायचं वगैरे. त्यावर रोलचे, म्हणजे टास्क्सच्या पुन्हा वापरता येणाऱ्या संचाचे, डिफॉल्ट्स. त्यावर इन्व्हेंटरी फाइलमध्येच लिहिलेली गटाची व्हेरिएबल्स. त्याच्या वर ग्रुप_व्हार्स फोल्डरातल्या फायली: आधी ‘ऑल’च्या, मग बाकी गटांच्या. आणि या दोन्ही टप्प्यांवर इन्व्हेंटरीशेजारच्या ग्रुप_व्हार्सपेक्षा प्लेबुकशेजारचं ग्रुप_व्हार्स वरचढ. म्हणजे होस्ट्स-प्रॉडमधली ओळ ग्रुप_व्हार्समधल्या ओळीपुढे दरवेळी हरणारच होती. दोन्ही इन्व्हेंटरी फायली एकाच फोल्डरात होत्या, त्यामुळे तिथलं ग्रुप_व्हार्स दोघींच्याही शेजारी होतं, शिवाय प्लेबुकांच्याही. स्टेजिंगपुरती म्हणून लिहिलेली ओळ लिहिल्या क्षणापासून प्रॉडक्शनलाही लागू झाली होती. कुणीतरी प्रॉडक्शनवर प्लेबुक चालवण्याचाच काय तो अवकाश होता.

दुसरा प्रश्न: प्रमाणपत्राच्या प्लेबुकने कॅशच्या पत्त्याला हात लावलाच का? कारण ते आख्खा ‘वेब’ रोल चालवत होतं. प्रमाणपत्राच्या फायली कॉपी करायची टास्क्स त्याच रोलमध्ये होती, म्हणून कुणीतरी पूर्ण रोल बोलावला होता. रोलने कॉन्फिगरेशनचं टेम्प्लेट नव्याने भरलं, फरक दिसला म्हणून हँडलरने (बदल झाला तरच चालणाऱ्या टास्कने) सेवा रीस्टार्ट केली. सगळं यंत्रणेच्या नियमाप्रमाणे घडलं.

त्या वेळी तातडीचा उपाय म्हणून ‘-ई’ पर्यायाने बरोबर पत्ता देऊन प्लेबुक पुन्हा चालवलं. ‘-ई’ने दिलेलं मूल्य उतरंडीच्या अगदी टोकाला असतं, त्यामुळे ते लगेच लागू झालं आणि लॉगिन सुरळीत झालं. पण या उपायाची खूण कुठल्याच फाइलमध्ये उरत नाही. पुढच्या वेळी कुणी ‘-ई’शिवाय चालवलं की चुकीचा पत्ता परत येणार. त्यामुळे त्याच संध्याकाळी ती ओळ ग्रुप_व्हार्समधून काढून होस्ट्स-स्टेजमध्ये नेली, आणि मग पूर्ण मांडणीच तपासायला घेतली.

नाकारलेले दोन मार्ग

पहिली सूचना आली ती आख्खं फोल्डर दुप्पट करण्याची: स्टेजिंगचं वेगळं, प्रॉडक्शनचं वेगळं, दोन्हीत स्वतःचे रोल्स. वातावरणं एकमेकांपासून पूर्ण सुटी होतात हे खरं. पण रोल दोन ठिकाणी आला की स्टेजिंगवर तपासलेला रोल आणि प्रॉडक्शनवर चाललेला रोल एकच आहे याची हमी जाते. एक दुरुस्ती इकडे होते, तिकडे राहते. काही महिन्यांनी फरक इतके साचतात की स्टेजिंगवरच्या चाचणीला अर्थच उरत नाही. स्टेजिंग ठेवायचं कशासाठी, हा प्रश्न या मार्गाला विचारावा लागतो, आणि त्याला चांगलं उत्तर नाही.

दुसरी सूचना होती वातावरणागणिक गिटची (फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) ब्रँच, म्हणजे फायलींची समांतर शाखा. दिसायला नेटकी, पण मूळ दोष तोच. त्यात भर अशी की दोन ब्रँच एकत्र करताना प्रत्येक वेळी हे बदल न्यायचे आणि ते नाही अशी निवड माणसाला करावी लागते. कॅशचा पत्ता अशाच एखाद्या मर्जमधून पुन्हा प्रॉडक्शनला जाऊ शकला असता. माझ्या मते हा मार्ग पहिल्यापेक्षाही धोक्याचा आहे, कारण तो सुरक्षित असल्याचा भास देतो.

निवडलेली मांडणी

ठरलं ते असं: रोल्स सगळ्यांना मिळून एकच, वातावरणाचा फरक फक्त इन्व्हेंटरीत, आणि प्लेबुकशेजारी ग्रुप_व्हार्स अजिबात नाही.

प्रकल्प/
— अ‍ॅन्सिबल.सीएफजी
— साइट.वायएमएल
— वेब.वायएमएल
— डीबी.वायएमएल
— इन्व्हेंटरीज/
—— सामाईक.वायएमएल
—— स्टेजिंग/
——— होस्ट्स.वायएमएल
——— ग्रुप_व्हार्स/
———— ऑल/
———— वेबसर्व्हर्स/
—— प्रॉडक्शन/
——— (वरच्यासारखंच)
— रोल्स/

आता ‘-आय इन्व्हेंटरीज/स्टेजिंग’ दिलं की प्रॉडक्शनचं ग्रुप_व्हार्स वाचलंच जात नाही. चुकीच्या मूल्याला शिरायला वाटच उरत नाही, मग उतरंड पाठ असो वा नसो. पहिल्या मांडणीत सुरक्षितता अभियंत्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून होती. या मांडणीत ती फोल्डरच्या भिंतीवर आहे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दोन्ही वातावरणांना सामाईक असलेल्या मूल्यांवरून: वेळ जुळवणारे सर्व्हर, लॉग पाठवायचं पोर्ट, प्रशासकांच्या सार्वजनिक किल्ल्या. एकाच रोलला लागणारं मूल्य त्या रोलच्या डिफॉल्ट्समध्ये जातं, तिथे प्रश्न नाही. पण तीन रोल्सना लागणारं मूल्य कुठे ठेवायचं? मुळाशी ग्रुप_व्हार्स ठेवून त्यात ऑल.वायएमएल लिहिणं सोपं होतं. अडचण अशी की प्लेबुकशेजारचं ‘ऑल’ इन्व्हेंटरीशेजारच्या ‘ऑल’वर मात करतं. म्हणजे सामाईक मूल्य एखाद्या वातावरणाला बदलून हवं असेल आणि ते त्याने आपल्या ‘ऑल’मध्ये लिहिलं, तर ते निमूट दुर्लक्षिलं जाणार. जी चूक काढायला बसलो तीच दुसऱ्या दाराने आत.

शेवटी सिमलिंकचा, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचा, मार्ग घेतला. सामाईक मूल्यं एकाच फाइलमध्ये, आणि प्रत्येक वातावरणाच्या ग्रुप_व्हार्स/ऑल/ फोल्डरात तिची सिमलिंक ‘००_सामाईक.वायएमएल’ या नावाने. शेजारी ‘१०_वातावरण.वायएमएल’. फोल्डरातल्या फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतर वाचलेली जिंकते, म्हणून ०० आधी आणि १० नंतर. क्रम फाइलच्या नावातच दिसतो, हे मला यातलं सर्वांत चांगलं वाटतं. नव्या माणसाला उतरंडीचं कोष्टक उघडावं लागत नाही. याला एक पथ्य आहे. विंडोजवर गिटमध्ये सिमलिंकचा पर्याय चालू नसेल तर सिमलिंकच्या जागी नुसता मार्ग लिहिलेली मजकुराची फाइल येते. अ‍ॅन्सिबलला तिथे नाव-मूल्यांच्या जोड्या अपेक्षित असतात, त्यामुळे तो चूक दाखवून थांबतो. गप्प बसून भलतं करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

शब्दकोशासारख्या रचनेच्या व्हेरिएबल्सबद्दलही इथेच सांगायला हवं. दोन फायलींत एकाच नावाची डिक्शनरी असेल तर अ‍ॅन्सिबल मूळ सेटिंगनुसार त्या एकत्र करत नाही. वरचढ फाइलमधली पूर्णच्या पूर्ण येते आणि दुसरी नाहीशी होते. सामाईक फाइलमध्ये ‘लॉग’ नावाची पाच किल्ल्यांची डिक्शनरी आणि स्टेजिंगमध्ये तिची एकच किल्ली, तर स्टेजिंगवर तेवढी एकच उरते. ही सवय बदलायचं सेटिंग आहे, पण ते आख्ख्या प्रकल्पाला लागू होतं आणि बाहेरून आणलेले रोल्स त्याने बिघडू शकतात. संघाने डिक्शनऱ्या मोडून सपाट व्हेरिएबल्स केली.

रोल्सच्या आत

वेब रोल फोडून तीन केले: सर्व्हर सॉफ्टवेअर, अ‍ॅप्लिकेशनचं कॉन्फिगरेशन आणि प्रमाणपत्रं. प्रमाणपत्राचं प्लेबुक आता फक्त शेवटचा बोलावतं. ‘कॉमन’ नावाचा रोल म्हणजे कुठेच न बसणाऱ्या टास्क्सची जागा झाली होती. त्यातूनही वापरकर्ते, वेळ आणि लॉग असे वेगळे रोल निघाले. याहून बारीक तुकडे करायचा मोह झाला होता, तो टाळला ते बरं केलं. एका टास्कचा एक रोल असं झालं की वाचणाऱ्याला दहा फोल्डर उघडल्याशिवाय एक गोष्ट कळत नाही.

डिफॉल्ट्स आणि व्हार्स या दोन फोल्डरांचा घोळ जवळपास प्रत्येक रोलमध्ये होता. दोन्हींत मेन.वायएमएल, दोन्हींत व्हेरिएबल्स, म्हणून जिथे जमेल तिथे लिहिलेलं. पण रोलचे डिफॉल्ट्स उतरंडीच्या तळाजवळ असतात, तर रोलचे व्हार्स ग्रुप_व्हार्स आणि होस्ट_व्हार्स (एकेका यंत्राची मूल्यं) या दोघांच्याही वर. पोर्ट क्रमांक व्हार्समध्ये लिहिला की ग्रुप_व्हार्समध्ये कितीही वेळा बदला, ढिम्म हलत नाही, आणि चूकही दाखवली जात नाही. नियम केला: बाहेरून कुणी बदलण्याची शक्यता असलेलं सगळं डिफॉल्ट्समध्ये. व्हार्समध्ये फक्त रोलच्या आतल्या गोष्टी, जसं की ऑपरेटिंग सिस्टिमनुसार बदलणारी पॅकेजची नावं.

व्हेरिएबलच्या नावापुढे रोलचं नाव लावणंही सक्तीचं केलं. एका प्लेमधल्या रोल्सची व्हेरिएबल्स मुळात एकमेकांना दिसतात, त्यामुळे दोन रोल्समध्ये नुसतं ‘पोर्ट’ असेल तर टक्कर ठरलेली. हँडलरचीही तीच गत: ‘सेवा रीस्टार्ट करा’ असं नाव दोन रोल्समध्ये असेल तर नंतर वाचलेला हँडलर आधीच्याची जागा घेतो. मग भलतीच सेवा रीस्टार्ट होते आणि जिला गरज होती ती जुन्याच कॉन्फिगरेशनवर चालत राहते.

पासवर्ड

होस्ट्स-प्रॉडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला होता. तो अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये, हलवला, पण नुसतं हलवून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात तो राहतोच. म्हणून पासवर्डही बदलले. प्रत्येक गटाच्या फोल्डरात आता दोन फायली आहेत: उघडी व्हार्स.वायएमएल आणि कुलूपबंद व्हॉल्ट.वायएमएल. कुलूपबंद फाइलमधल्या नावांना ‘व्हॉल्ट_’ हा उपसर्ग, आणि उघड्या फाइलमध्ये ‘डीबी_पासवर्ड’ची किंमत म्हणून ‘व्हॉल्ट_डीबी_पासवर्ड’. त्यामुळे व्हेरिएबल कुठे ठरतं हे साध्या शोधात सापडतं, गुपित उघडावं लागत नाही. ज्या टेम्प्लेटमध्ये पासवर्ड भरला जातो त्या टास्कला ‘नो_लॉग’ लावलं, नाहीतर फायलींतला फरक दाखवणाऱ्या ‘--डिफ’ने तोच पासवर्ड पडद्यावर छापला असता.

चालू प्रकल्प हलवताना

मांडणी कागदावर आखणं सोपं. चालत्या प्रकल्पाखालची जमीन बदलणं अवघड. संघाने एक शिस्त पाळली: फायली हलवायच्या तेव्हा मूल्य बदलायचं नाही, मूल्य बदलायचं तेव्हा फाइल हलवायची नाही. दोन्ही वेगळ्या कमिटमध्ये.

पडताळणीसाठी ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी’ ही कमांड फार उपयोगी पडली. प्रत्येक होस्टला शेवटी कोणती व्हेरिएबल्स मिळतात ते ‘--लिस्ट’ने फाइलमध्ये उतरवून घेतलं, फायली हलवल्यावर पुन्हा उतरवलं आणि दोन्ही जुळवून पाहिलं. फरक शून्य आला तरच पुढची पायरी. मात्र ही कमांड एरवी फक्त इन्व्हेंटरीशेजारचं ग्रुप_व्हार्स बघते. प्लेबुकशेजारचं हवं तर ‘--प्लेबुक-डिर’ने फोल्डर सांगावं लागतं. रोलचे डिफॉल्ट्स तर तिला दिसतच नाहीत. त्यासाठी प्रॉडक्शनवर ‘--चेक --डिफ’ (प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल ते दाखवणारी अवस्था) चालवून एकही बदल सुचवला जात नाही ना हे पाहिलं. चेक अवस्थेत कमांड आणि शेल मॉड्यूल वगळली जातात, त्यामुळे त्यांच्या उत्तरावर अवलंबून असलेली टास्क्स अडखळतात. ज्या कमांड नुसतं वाचतात, बदलत काही नाहीत, त्यांना ‘चेक_मोड: फॉल्स’ लावून ती अडचण दूर केली.

अ‍ॅन्सिबल.सीएफजी मुळाशी ठेवली आणि त्यात मूळ इन्व्हेंटरी म्हणून स्टेजिंग दिलं. प्रॉडक्शनला हात लावायचा तर ते नाव टाइप करावंच लागतं. ही फाइल शोधण्याचा क्रम असा: आधी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलने सांगितलेली, मग चालू फोल्डरातली, मग होम फोल्डरातली, शेवटी ईटीसीमधली. प्लेबुक कुठे आहे याला महत्त्व नाही, आपण कुठे उभे राहून कमांड देतो याला आहे. शिवाय चालू फोल्डरात कुणालाही लिहिता येत असेल तर सुरक्षेसाठी तिथली फाइल वगळली जाते आणि फक्त एक इशारा छापला जातो. सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या, यंत्रावर फोल्डरच्या परवानग्या सैल होत्या, म्हणून तिथे सेटिंग्ज लागू होत नव्हती. परवानग्या आवळण्याऐवजी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये फाइलचा पूर्ण मार्ग दिला. माझ्या मते परवानग्याही आवळायला हव्या होत्या.

बाहेरून आणलेली कलेक्शन्स (मॉड्यूल, रोल्स वगैरेंचे गठ्ठे) रिक्वायरमेंट्स.वायएमएलमध्ये आवृत्तीसह नोंदवली. २०२० मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीपासून बरीच मॉड्यूल मूळ अ‍ॅन्सिबलमधून निघून कलेक्शन्समध्ये गेली, तेव्हापासून ही नोंद नसेल तर दोन यंत्रांवर एकच प्लेबुक वेगळं वागू शकतं.

तिसरं वातावरण

या मांडणीची खरी परीक्षा झाली ती भार-चाचणीसाठी तिसरं वातावरण उभं करताना. इन्व्हेंटरीज/ खाली एक फोल्डर, त्यात होस्ट्स, ग्रुप_व्हार्स आणि सामाईक फाइलची सिमलिंक. रोल्सना हात लावायची गरज नाही, अशी अपेक्षा होती. पहिल्याच फेरीत अ‍ॅप्लिकेशनचा लॉग कुठेच लिहिला जाईना. रोलमध्ये दोन टास्क्स सापडली: वातावरण ‘प्रॉडक्शन’ असेल तर एक टेम्प्लेट, ‘स्टेजिंग’ असेल तर दुसरं. तिसऱ्या नावाला दोन्ही अटी लागू होत नव्हत्या, म्हणून दोन्ही टास्क्स वगळली जात होती आणि गोषवाऱ्यात सगळं हिरवं दिसत होतं.

ती अट काढून ‘अ‍ॅप_लॉग_पातळी’ आणि ‘अ‍ॅप_लॉग_पत्ता’ अशी दोन व्हेरिएबल्स केली, डिफॉल्ट्समध्ये त्यांना सावध मूल्यं दिली आणि टेम्प्लेट एकच ठेवलं. मग बाकीच्या रोल्समध्ये वातावरणांची नावं शोधली, तशा आणखी काही अटी निघाल्या, त्याही याच पद्धतीने काढल्या. आता सीआयमध्ये रोल्स/ फोल्डरात कुठल्याही वातावरणाचं नाव आढळलं तर तो बदल मुख्य ब्रँचमध्ये घेतला जात नाही.